भोवळ, झोक आणि ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल’: गावातल्या माणसांचे नेहमीचे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत एका पहाटे डोळे उघडले आणि घराचे छत गरगर फिरू लागले. तीन दिवस उलट्या झाल्या, बाजेवरून उठता आले नाही. उलट्या थांबल्या, पण नंतर जमीन पायाखाली डुलायची ती डुलतच राहिली. नऊ वर्षे झाली त्याला. आता बाजारात, बचतगटात, शाळेच्या फाटकाशी बायामाणसे मला थांबवून विचारतात, “मॅडम, मले बी तसंच होते, काय करू?” तेच ते प्रश्न फिरून येतात, म्हणून इथे उत्तरे लिहून ठेवत आहे. मी डॉक्टर नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी, फिजिओथेरपिस्टांनी समजावलेले आणि अंगावर काढून शिकलेले एवढेच माझ्याकडे आहे.

“चक्कर येते” एवढे सांगितले तर डॉक्टरला कळत नाही का?

नाही कळत, कारण आपण एकाच शब्दात चार गोष्टी कोंबतो. घर, झाड, माणसे गरगर फिरताना दिसणे ही एक. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे ही दुसरी. डोके ठीक असते पण चालताना झोक जातो, भिंत धरावीशी वाटते, ही तिसरी. आणि डोके पोकळ, हलके, धुक्यात असल्यासारखे वाटणे ही चौथी.

मी दोन वर्षे ‘चक्कर येते’ म्हणत फिरले आणि प्रत्येक ठिकाणी रक्त तपासून घेऊन परत आले. ज्या डॉक्टरांना शेवटी उमगले, त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “बाई, चक्कर हा शब्द न वापरता सांगा.” मला धड सांगताच येईना. मग त्यांनी वेळ विचारली: काही सेकंद टिकते, काही मिनिटे, काही तास, की दिवसभर? आणि काय केल्यावर येते? या दोन प्रश्नांतच अर्धे निदान असते, असे ते म्हणाले.

म्हणून एक वही करा. तारीख, वेळ, किती टिकली, तेव्हा काय करत होतो, कानात आवाज होता का, ऐकू कमी आले का, डोके दुखले का, त्या दिवशी उपास होता का, फवारणी केली होती का. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या नातवाकडून लिहून घ्या. आणि गरगर चालू असताना घरातल्या कोणाला तरी मोबाईलवर तुमच्या डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढायला सांगा. त्या वेळी बुबुळे झटके देत हलत असतील तर ती कोणत्या दिशेने हलतात यावरून तज्ज्ञाला पुष्कळ कळते, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ते थांबलेले असते.

तोल सांभाळतो तरी कोण?

तिघे मिळून: कान, डोळे आणि पाय. कानाच्या आत खोलवर तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पाणी असते. डोके वळले की ते पाणी मागे रेलते आणि मेंदूला खबर जाते. लहानपणी फुगडी खेळून थांबल्यावरही अंगण फिरायचे ना? अंग थांबलेले असते, पण नळ्यांतले पाणी अजून फिरत असते. डोळे सांगतात काय सरळ, काय तिरपे. तळपाय, घोटे आणि सांधे सांगतात जमीन कशी आहे. मेंदू तिघांचा मेळ घालतो.

एका कानाची नस सुजली तर काय होते? बंडीला जुंपलेल्या जोडीतला एक बैल मागे पडला की बंडी त्याच्याच अंगाला वळते, तसा माणूस दुखऱ्या कानाकडे झुकतो. माझे तसेच झाले होते. बैल बरा झाला नाही तरी हाकणारा हळूहळू दोरी कशी धरायची ते शिकतो. मेंदूही तसा शिकतो, मात्र त्याला बंडी हाकू दिली पाहिजे. बाजेवर पडून राहिलात तर तो शिकणार कधी?

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग मला आजार आहे की नाही?

आहे. हे मी सगळ्यात आधी सांगायला हवे होते.

एमआरआय मेंदूची घडण दाखवतो: गाठ, रक्तस्राव, सूज. मेंदू कानाचे, डोळ्यांचे आणि पायांचे म्हणणे कसे जुळवतो हे त्या चित्रात येत नाही. विहिरीवरच्या मोटरचा फोटो काढून पाणी का चढत नाही ते कळत नाही, तसेच हे.

तीन महिने किंवा त्याहून जास्त, बहुतेक दिवस, डुलल्यासारखे, झोक जाईल असे वाटते. उभे राहिले, चालले, डोके हलवले की वाढते. बाजारातली गर्दी, नक्षीची फरशी, पळती दृश्ये पाहिली की वाढते. अशा त्रासाला आता स्वतंत्र नाव आहे: पर्सिस्टंट पोश्चरल पर्सेप्च्युअल डिझिनेस, थोडक्यात पीपीपीडी. जगभरातले तज्ज्ञ ज्या बारानी सोसायटीत एकत्र येतात, तिने त्याचे निकष २०१७ मध्ये ठरवून प्रसिद्ध केले. कानाच्या तोलावरच्या संशोधनासाठी १९१४ चे नोबेल मिळालेल्या रॉबर्ट बारानी यांचे नाव तिला दिलेले आहे. म्हणजे या आजाराला एवढ्यात नाव मिळाले. तालुक्याच्या डॉक्टरने ते ऐकलेले नसेल तर राग धरू नका, पण ‘हे असू शकते का?’ असे विचारायला लाजूही नका.

माझ्या बाबतीत असे झाले: कानाची नस सुजली होती, ती शांत झाली. पण पडायच्या भीतीने मेंदूने जो पहारा बसवला होता तो उठलाच नाही. प्रत्येक पाऊल तो तपासून टाकू लागला, म्हणून साधे चालणेही डुगडुगते झाले. सूप हातात घेऊन तांदूळ पाखडायला बसले की दाण्यांबरोबर माझे डोकेही हलायचे. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या तोरणाखाली उभी राहिले आणि झुली, घुंगरे, गर्दी पाहून खाली बसले. हे सगळे मला माझा बावळटपणा वाटायचा. त्या आजाराची ती ठरलेली लक्षणे आहेत हे कळले, त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

अर्धशिशीचाही एक प्रकार असा असतो की डोके दुखो न दुखो, गरगरण्याचे झटके येतात, पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत. उजेड, आवाज नकोसा होतो. जागरण, उपास, ऊन यांनी तो उसळतो. त्याचाही एमआरआय नॉर्मलच येतो. गरगरण्यासोबत एका कानात घूं घूं आणि बधिरपणा येत असेल, झटका वीस मिनिटांपासून काही तास टिकत असेल तर कानाचा मेनिएरचा आजार आहे का ते श्रवणचाचणी करून पाहतात.

कूस बदलली की काही सेकंद सगळे फिरते. हे काय?

याचा निकाल बहुधा सर्वात लवकर लागतो. कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागा सोडून नळीत शिरले की कूस बदलताना, खाटेवरून उठताना, वरचा डबा काढायला मान वर करताना गरगरते. एक मिनिटाच्या आत थांबते. तपासायला मशीन लागत नाही. डॉक्टर तुम्हाला बसवून, डोके एका बाजूला वळवून पटकन आडवे करतात आणि डोळे पाहतात. उपायही गोळीचा नाही. डोके ठरावीक क्रमाने वळवत ते कण परत जागेवर नेतात. अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांची ही पद्धत आहे. बहुतेकांना एक ते तीन वेळांत आराम पडतो. काही महिन्यांनी पुन्हा होऊ शकते, तेव्हा पुन्हा तेच करायचे.

पहिल्यांदा डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या, कारण कोणत्या कानाचा दोष आहे त्यावर दिशा ठरते. नंतर घरी करायचे झाले तर झोळ पडलेल्या बाजेवर जमत नाही, दिवाण किंवा तखतपोस घ्या.

मानेचे मणके झिजलेत म्हणून चक्कर येते असे सांगितले आहे. पट्टा लावू का?

चाळिशीनंतर मानेचा एक्स-रे काढला तर झीज पुष्कळांची दिसते, चक्कर असो वा नसो. चक्करचे खापर मात्र आपल्याकडे सर्रास मानेवर फुटते. मी पाच महिने पट्टा लावला. मान आखडली, डोके हलवणे बंद झाले आणि मेंदूचे शिकणेही थांबले. हातात मुंग्या, हाताची ताकद कमी होणे असे काही असेल तर मानेची नीट तपासणी हवीच. नुसत्या चक्करसाठी पट्टा लावून बसू नका.

अशक्तपणा असेल. एक सलाईन लावली तर?

उलट्या-जुलाबाने किंवा उन्हाने अंगातले पाणी गेले असेल तर सलाईनचा उपयोग आहे. एरवी ते मिठाचे पाणी आहे. त्या पैशांत तपासण्या करा: हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, थायरॉईड, गरज वाटल्यास ईसीजी. आणि रक्तदाब झोपून एकदा, मग उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उठताना येणाऱ्या अंधारीचे कारण सापडले. उपकेंद्रातल्या ताईंना सांगा, यंत्र त्यांच्याकडे असते. नुसते बसवून एकदा मोजले तर हे हाती लागत नाही.

आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या बाजूला तर घरोघरी कोणी ना कोणी. रक्त कमी, सांधे दुखतात, डोळे पिवळे असे असेल तर ती चाचणी राहू देऊ नका. पाळी जास्त जाणाऱ्या बायांचे रक्त कमी असते आणि त्या वर एकादशी, श्रावण सोमवार, नवरात्र सगळे धरतात. उपास करू नका असे मी म्हणत नाही, पण नुसत्या चहावर दिवस काढून निंदायला जाऊ नका. नव्या सुनेला भोवळ आली की घर आधी हसते. गरोदरपणाची चाचणी करावीच, पण दिवस गेलेले नाहीत असे निघाले तर पुढच्या तपासण्या थांबवू नयेत.

खर्ऱ्याबद्दल बोलले की लोक नाराज होतात. तंबाखूतल्या निकोटिननेही भोवंडते, आणि सकाळी उपाशीपोटी खर्रा तोंडात टाकणाऱ्याला ते जास्त जाणवते. वर्षानुवर्षांच्या दारूने तर तोल राखणारा मेंदूचा भागच झिजतो. दारू उतरल्यावरही तो माणूस पाय फाकवून चालतो.

चक्करची गोळी किती दिवस घ्यायची?

गरगर जोरात असते, उलट्या होतात, तेव्हा दोन-चार दिवस. प्रोक्लोरपेराझिन, सिनॅरिझिन यांसारख्या गोळ्या तोलाची खबरच दाबतात. खबर दाबली की मेंदू शिकत नाही. महिनोन्महिने घेतल्या तर काहींना हातपाय थरथरणे, चाल मंदावणे असा कंपवातासारखा त्रास होतो, म्हाताऱ्यांना विशेष. मी दीड वर्ष घेतल्या. मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर नव्या पट्ट्या आणत राहिले, कोणी थांबवले नाही. तुम्हीही बरेच दिवस घेत असाल तर डॉक्टरला विचारून बंद करा, मनाने नको.

दुसऱ्या आजाराची औषधेही बरोबर न्या, पिशवीसकट. रक्तदाबाच्या आणि लघवी अडते म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनी उठताना अंधारी येते. फिटसाठीचे फेनिटोइन रक्तात जास्त झाले की झोकांड्या जातात. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकॅसिन ही इंजेक्शने कानातल्या तोलाच्या पेशींना कायमची इजा करू शकतात. क्षयरोगासाठी कधीकाळी सुयांचा कोर्स झाला असेल तर तो आठवून सांगा. अशा माणसाला बसून काही होत नाही. अंधारात आणि ढेकळांच्या वावरात मात्र चालता येत नाही आणि चालताना समोरची पाटी हलताना दिसते.

फवारणीनंतर भोवळ येते. हे त्याच आजारातले का?

ते वेगळे आणि तातडीचे आहे. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. पऱ्हाटी डोक्यापर्यंत वाढली होती आणि औषध अंगावर, श्वासात येत होते. फवारताना किंवा नंतर भोवळीसोबत मळमळ, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांना धूसर, छातीत दाटणे असे झाले तर काम सोडा, कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. लिंबूपाणी पिऊन झाडाखाली पडून राहण्यात वेळ जातो. नवतप्यात उन्हातून आल्यावर अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले तर तोही उष्माघात समजून ओल्या कपड्याने अंग पुसत लगेच न्या.

“बाहेरचं आहे, उतरवून घे” असे घरचे म्हणतात.

माझ्या सासूबाईंनीही नारळ उतरवला. त्यांची माया खरी होती, म्हणून मी भांडले नाही. पण बाहेरच्यावर महिने गेले आणि कानातल्या कणांचा दहा मिनिटांचा उपाय राहून गेला, अशा दोन बाया मी पाहिल्या आहेत. देवाला नमस्कार करा आणि त्याच आठवड्यात तपासूनही घ्या.

“नाटक करते हे” असे म्हणतात. खरेच हे मनाचे आहे का?

ज्याचा पाय मोडला त्याला प्लास्टर दिसते. आपला झोक कोणाला दिसत नाही. सकाळी सडा टाकणारी बाई दुपारी भिंत धरून चालली की लोकांना खोटे वाटते. पण हा त्रास चढतो-उतरतो, थकल्यावर आणि संध्याकाळी वाढतो, हीच त्याची रीत आहे.

मनाचा संबंध आहे, तो लपवायचे कारण नाही. पडण्याची भीती वाटते, भीतीने अंग ताठ होते, ताठ अंगाने तोल बिघडतो, मग भीती आणखी वाढते. म्हणून पीपीपीडीला उदासीवरच्या गटातल्या काही गोळ्या, जसे सर्ट्रालिन, कमी मात्रेत देतात. मानसोपचार तज्ज्ञाचे नाव चिठ्ठीवर पाहून मी ती चिठ्ठी महिनाभर पर्समध्ये दडवली होती. तो महिना वाया गेला. मन फारच खचले, जगणे नकोसे वाटले तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते.

घरच्यांना माझी एक विनंती आहे. “काही नाही होत, चाल” म्हणू नका आणि “तू बसून राहा” असेही नको. सोबत चाला, तुमचा हात तिला धरू द्या, तुम्ही तिला धरू नका.

व्यायाम कोणते? खरेच फरक पडतो का?

पडतो, मात्र आठवड्यांनी. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी असे व्यायाम बसवले, आजचे त्यातूनच वाढले. तुमचे कोणते, ते फिजिओथेरपिस्टने ठरवावे. माझे असे होते.

भिंतीवरच्या कालनिर्णयातला एक मोठा आकडा डोळ्यांनी धरायचा आणि डोके ‘नाही नाही’ म्हणतो तसे हलवायचे, आकडा पुसट होऊ न देता. आधी वीस सेकंद, पुढे मिनिटभर, दिवसातून तीनदा. मग ‘हो हो’ तसे. नंतर घडी घातलेल्या गोधडीवर भिंतीच्या कोपऱ्यात उभे राहायचे, आधी डोळे उघडे, मग मिटून. ओसरीवर एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत एका रेषेत चालायचे. शेवटी बाजार: पहिल्या आठवड्यात फक्त कडेच्या भाजीवालीपर्यंत, पुढच्या आठवड्यात दोन ओळी आत.

व्यायामाने थोडी गरगर वाढणारच. पंधरा-वीस मिनिटांत निवळली तर मात्रा बरोबर आहे, दिवसभर राहिली तर उद्या कमी करा. मी पहिल्या आठवड्यात सोडून दिले होते, कारण वाढले म्हणजे चुकतेय असे वाटले. माझ्या मुलीच्या वयाच्या त्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी फोन करून विचारले नसते तर मी परत धरले नसते. आज मी वर्गात फळ्याकडे वळते तेव्हा टेबल धरावे लागत नाही. पावसाळी ढगाळ संध्याकाळी अजूनही डुलते.

वावरातली कामे करता येतील का?

बहुतेक येतील, काही टाळा. कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर जाऊ नका, बादली दुसऱ्याला ओढू द्या. शिडी, झाड, पत्र्यावर चढणे नको. झटके येत असताना मोटरसायकल, ट्रॅक्टर नको. नदी-तलावात एकट्याने उतरू नका. तोलाचे कान गेलेल्याला पाण्याखाली वर कुठे, खाली कुठे हेच कळत नाही. रात्रीच्या लायटीवर ओलित करावे लागते, तेव्हा धुऱ्याने चालायला बॅटरी पायाजवळ धरा आणि काठी घ्या. अंधारात डोळ्यांची मदत गेलेली असते, काठीने हाताला जमिनीची खबर मिळते. कापूस वेचताना, रोवणी करताना दर थोड्या वेळाने सावकाश उभे राहा. मोठी माणसे रात्री लघवीला उठतात तेव्हाच जास्त पडतात. बाजेच्या कडेला क्षणभर बसूनच उठायचे.

१०८ ला कधी फोन करायचा?

चक्कर अचानक आली आणि सोबत तोंड वाकडे, बोलणे अडखळते, एक हात-पाय लुळा, एकाच्या दोन वस्तू दिसतात, आधाराशिवाय बसताही येत नाही, आयुष्यात झाली नाही अशी डोकेदुखी, छातीत दुखणे किंवा शुद्ध जाणे, यांतले एकही असेल तर लगेच. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवायचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि आपल्या गावाहून जिल्ह्याला पोचायलाच त्यातला मोठा भाग जातो. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर रुग्णवाहिका नको, पण एक-दोन दिवसांत कानाच्या डॉक्टरला गाठा.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळते का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत चक्कर वेगळी धरलेली नाही. सोबत ऐकू कमी येत असेल किंवा सिकलसेल असेल तर त्यासाठी अर्ज करता येतो.

मोठ्या दवाखान्यात जायचे तर कुठे आणि कसे?

आधी जिल्ह्याच्या ठिकाणचा सरकारी कान-नाक-घसा विभाग. तिथून पुढे धाडले तर नागपूरची मेडिकल, मेयो, एम्स ही सरकारी रुग्णालये किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. एसटीत पुढच्या बाजूची खिडकीची जागा मागा, मोबाईल पाहू नका, दूरच्या टेकडीकडे किंवा रस्त्याच्या टोकाकडे नजर ठेवा. उपाशी निघू नका, भाकरीचा तुकडा आणि पाणी सोबत असू द्या. वही, जुने रिपोर्ट, सगळ्या गोळ्या एका पिशवीत. सोबतीला असे माणूस घ्या ज्याने तुमचा झटका डोळ्यांनी पाहिला आहे. श्रवणचाचणीला दुसऱ्या दिवशी बोलावतात असे माझ्याबाबतीत दोनदा झाले, म्हणून एक जोडी कपडे ठेवा आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर विचारून घ्या.